एकाच पेढीत तीन टॅली: ईआरपी 9, प्राइम 2.1 आणि प्राइम 4 एकत्र नांदतात का?

मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातल्या मध्यम पेढीत डोकावलं तर हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं साधारण हेच चित्र दिसतं. गल्ल्याजवळच्या जुन्या कॉम्प्युटरवर टॅली.ईआरपी 9, आतल्या खोलीत मुनीमजींसमोर टॅलीप्राइम 2.1, दालमिलवर किंवा गोदामात नव्याने घेतलेल्या मशीनवर प्राइम 4 किंवा त्याच्या पुढचं रिलीज, आणि लातूरला नाहीतर संभाजीनगरला बसणाऱ्या सीएकडे सगळ्यात ताजं. असं कुणी ठरवून करत नाही. जुन्या मशीनवर 32 बिटचं विंडोज असतं आणि प्राइमला 64 बिट लागतं, म्हणून तिथे ईआरपी 9 राहून जातं. मधल्या मशीनच्या टीएसएसचं, म्हणजे नवी रिलीज मिळवून देणाऱ्या वार्षिक वर्गणीचं नूतनीकरण राहिलेलं असतं, म्हणून ते 2.1 वरच थांबतं. नवं मशीन विकणारा ताजं रिलीज टाकून देतो. सगळं सुरळीत चालतं, आणि एक दिवस एका मशीनवर कंपनी उघडेनाशी होते.

हे परीक्षण कुठल्या एका आवृत्तीचं नाही, या मिसळीचं आहे. मत आधीच सांगून टाकतो. तिन्ही आवृत्त्या आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण एकच डेटा तिघींमध्ये फिरवायला त्या बनलेल्या नाहीत. डेटा वर चढतो, खाली उतरत नाही. मिसळ ठेवायचीच असेल तर डेटा एका जागी ठेवा आणि फक्त नोंदी फिरवा. हे नीट जमवलं तर हंगामातही अडत नाही.

रेष कुठे आहे

ईआरपी 9 बाजारात आलं 2009 मध्ये, टॅलीप्राइम नोव्हेंबर 2020 मध्ये. नाव बदललं, पडदा बदलला, पण डेटाचा साचा तेव्हा बदलला नव्हता. ईआरपी 9 च्या 6.x मालिकेतला डेटा प्राइम 1 आणि 2 मध्ये स्थलांतर (जुना डेटा नव्या साच्यात बदलणं) न करता उघडतो. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं कुणाला फरक जाणवला नाही आणि ‘टॅली म्हणजे टॅली, कुठलीही चालते’ हा समज पक्का झाला.

खरी रेष 3.0 वर आहे. 2023 मध्ये आलेल्या या रिलीजपासून जीएसटीची मांडणी नव्याने झाली. एकाच कंपनीत अनेक जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) ठेवता येऊ लागले, व्हाउचर (टॅलीतली एकेक नोंद) क्रमांकाच्या वेगळ्या मालिका आल्या, आणि त्याबरोबर डेटाच्या फाइलीही बदलल्या. 3.0 मध्ये कंपनी उघडताना स्थलांतर करावं लागतं. एकदा ते झालं की तोच डेटा 2.1 किंवा ईआरपी 9 मध्ये उघडत नाही. परत यायचा रस्ता एकच, स्थलांतराच्या आधीचा बॅकअप. त्यानंतर केलेल्या नोंदी मात्र त्यात नसतात.

समोरचा डेटा रेषेच्या कुठल्या बाजूचा आहे हे टॅली न उघडताही कळतं. डेटाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक कंपनीचं आकड्यांच्या नावाचं फोल्डर असतं, उदाहरणार्थ 10000. ते उघडून फाइलींच्या नावाची शेपटी पाहा. ‘.900’ असेल तर डेटा ईआरपी 9 किंवा प्राइम 2.1 पर्यंतचा, ‘.1800’ असेल तर 3.0 किंवा त्यापुढचा. पेनड्राइव्हवर आलेला डेटा आपल्या मशीनवर टाकण्याआधी हे दहा सेकंदांचं काम करावं. नाहीतर ‘कंपनी लिस्टमध्ये येतच नाही’ म्हणून अर्धा दिवस डेटाचा पाथ तपासण्यात जातो आणि पाथ तर बरोबरच असतो.

मशीनवरचं रिलीज पाहायला प्राइममध्ये एफ1 दाबून ‘अबाउट’ उघडा. ईआरपी 9 मध्ये ते खालच्या पट्टीत लिहिलेलं असतं. सगळ्या मशीनचं रिलीज, विंडोजची आवृत्ती, 32 की 64 बिट आणि टीएसएसची शेवटची तारीख एका कागदावर लिहून भिंतीला लावा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

सीएकडे गेलेला बॅकअप

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पेढी 2.1 वर, सीएचं ऑफिस त्याच्या पुढे. मार्चअखेरचा बॅकअप ईमेलने जातो. तिकडे रिस्टोर होताना स्थलांतर होतं. ऑफिसातली मुलं घसारा, व्याजाच्या तरतुदी, शेवटच्या दुरुस्त्या टाकतात आणि ‘हा फायनल डेटा’ म्हणून परत पाठवतात. तो पेढीत उघडत नाही. आणि उघडला असता तरी वेगळंच संकट होतं, कारण मधल्या महिनाभरात पेढीने एप्रिलच्या नोंदी आपल्या जुन्या डेटात केलेल्या असतात. आता दोन डेटा झाले आणि दोन्ही अर्धे.

यावर उपाय आहे आणि तो टॅलीतच आहे, फक्त कुणी वापरत नाही. सीएने डेटा परत पाठवायचाच नाही, दुरुस्तीच्या नोंदी तेवढ्या एक्सएमएल, म्हणजे टॅलीला वाचता येणाऱ्या मजकूर-फाइलमध्ये पाठवायच्या. त्यासाठी पेढीनेच बॅकअप देण्याआधी ‘सीए जर्नल’ नावाचा वेगळा व्हाउचर टाइप तयार करावा, जर्नलच्या खाली. सीएकडच्या मुलांनी सगळ्या दुरुस्त्या याच टाइपमध्ये टाकायच्या. काम संपलं की डे बुक (नोंदींची तारीखवार यादी) उघडून कालावधी पूर्ण वर्षाचा करायचा, एफ4 दाबून फक्त ‘सीए जर्नल’ निवडायचं आणि आल्ट+ई मधून चालू रिपोर्ट एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढायचा. दुरुस्तीसाठी काही नवी खाती उघडली असतील तर मास्टर्सची (खाती, वस्तू यांची मूळ माहिती) वेगळी फाइल काढायची.

पेढीत आधी स्वतःचा बॅकअप, मग मास्टर्स, मग व्हाउचर, याच क्रमाने आयात करावी. क्रम उलटला तर ज्या नोंदीचं खातं सापडत नाही ती नोंद येत नाही. प्राइममध्ये आल्ट+ओ, ईआरपी 9 मध्ये गेटवेवरचं ‘इम्पोर्ट ऑफ डेटा’. फाइलचा पूर्ण पाथ लिहा, नुसतं नाव लिहिलं तर टॅली स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधत बसते. मास्टर्स आणताना आधीपासून असलेल्या खात्यांचं काय करायचं हे विचारलं जातं, तिथे ‘इग्नोर डुप्लिकेट्स’ घ्या. ‘कम्बाइन ओपनिंग बॅलन्सेस’ घेतलंत तर सुरुवातीच्या शिलकांची बेरीज होऊन प्रत्येक खातं फुगतं आणि ताळेबंदाकडे बघवत नाही.

आयात झाल्यावर टॅलीच्या फोल्डरमधली ‘टॅली.आयएमपी’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. किती नोंदी आल्या, किती अडल्या आणि का, हे त्यात असतं. अडण्याची कारणं बहुधा दोनच निघतात. खात्याच्या नावात फरक, म्हणजे सीएकडे कुणीतरी ‘बँक ऑफ महाराष्ट्र सी.सी.’चं ‘बीओएम सीसी’ केलेलं असतं. किंवा नोंदीची तारीख कंपनीच्या हिशेबाच्या कालावधीत बसत नाही. नाव सीएच्या बाजूने सुधारून घ्या, आपल्याकडे दुसरं खातं उघडू नका.

साध्या जर्नल नोंदी नव्या आवृत्तीतून जुन्या आवृत्तीत अशा बिनबोभाट येतात. जीएसटीच्या विक्री-खरेदी नोंदींचं तसं नाही. 3.0 नंतर त्यांच्यात जी जादा माहिती असते ती जुन्या आवृत्तीला कळत नाही, त्यामुळे रक्कम बरोबर येऊनही रिटर्नमध्ये नोंद भलत्याच रकान्यात दिसू शकते. विक्रीची बिलं या वाटेने खाली उतरवू नका.

दुकान आणि गोदाम: दोन सिल्व्हर की एक गोल्ड

सिल्व्हर म्हणजे एका कॉम्प्युटरचा परवाना. गोल्ड म्हणजे एकाच लॅनवर (एका जागेतल्या नेटवर्कवर) कितीही कॉम्प्युटर. गोल्डची किंमत सिल्व्हरच्या तिप्पट आहे आणि टीएसएसचा वार्षिक खर्चही तिप्पट. मग हिशेब सरळ आहे. तीन मशीनवर एकाच छपराखाली काम असेल तर तीन सिल्व्हर आणि एक गोल्ड एकाच भावात पडतात, आणि तीन सिल्व्हर घेऊन एकाच वेळी एकाच कंपनीत काम करता येत नाही. तिथे गोल्डच. दोनच मशीन असतील आणि दुसऱ्यावर फक्त रिपोर्ट पाहायचे असतील तर दुसरा परवाना घेण्याआधी रिमोटची, म्हणजे दुरून डेटा पाहण्याची सोय पाहा. चालू टीएसएसवर ती मिळते.

दुकान मोंढ्यात आणि मिल एमआयडीसीत असेल तर एक लॅन होत नाही. अशा वेळी बरेच जण दोन सिल्व्हर घेऊन रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर डेटा नेतात. दोन्हीकडे नोंदी होत असतील तर ही पद्धत चुकीची आहे, मग आवृत्ती एक असो की वेगळी. संध्याकाळी आलेला डेटा दिवसभराच्या नोंदींवर पडतो आणि कुणाच्या तरी पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाची हिशेब-पावती) जातात. दोन ठिकाणं ठेवायचीच असतील तर प्रत्येक ठिकाणाला आपला व्हाउचर टाइप आणि आपली क्रमांकाची मालिका द्या. दुकानाची बिलं ‘डी/26/0001’ अशी, मिलची ‘एम/26/0001’ अशी. जीएसटी नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक 16 अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो, त्यात हे सहज बसतं. मग मिलच्या नोंदी एक्सएमएलने मुख्य डेटात आणायच्या. मुख्य डेटा दुकानात, आणि दोन्हीकडे रिलीज एकच, कारण इथे विक्रीच्या नोंदी फिरणार आहेत.

क्रमांकांवरून आणखी एक गोष्ट. जुन्या आवृत्त्यांत स्वयंचलित क्रमांक असताना मधलं बिल काढलं किंवा मध्ये घुसवलं की पुढचे क्रमांक सरकतात. ग्राहकाला दिलेलं छापील बिल 214 आणि टॅलीत तेच 213, हा प्रकार त्यातूनच होतो. 3.0 पासून व्हाउचर टाइपमध्येच ‘मूळ क्रमांक कायम ठेवा’ असा पर्याय आहे. स्थलांतर झाल्यावर विक्रीच्या प्रत्येक व्हाउचर टाइपमध्ये जाऊन तो पाहून घ्या. नव्या आवृत्तीवर जायचं हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

गोल्डमध्ये मिसळ चालत नाही. सर्व्हरवर डेटा आहे, पाच मशीन जोडलेली आहेत, आणि त्यातल्या एकावर कुणीतरी नवं रिलीज टाकून कंपनी उघडली, स्थलांतराला ‘होय’ म्हटलं, की बाकीच्या चौघांचं काम सकाळपासून बंद. म्हणून स्थलांतर ज्याला कळतं त्याच्याच हाती ठेवा, आणि सगळी मशीन एकाच संध्याकाळी बदला. आधी डेटा असलेलं मशीन, मग बाकीची. सोयाबीनची आवक चालू असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हे काम काढू नये. जून उत्तम, मार्चअखेरही उरकलेली असते आणि पेरणीच्या दिवसांत मोंढा शांत असतो.

स्थलांतर करायचं ठरलं तर

पहिलं काम आकडे टिपण्याचं. जुन्या आवृत्तीत ट्रायल बॅलन्स, अखेरचा साठा, येणं-देणं यांची पीडीएफ काढा. त्याशिवाय ‘स्टॅटिस्टिक्स’ हा रिपोर्ट काढाच. ईआरपी 9 मध्ये डिस्प्ले, स्टेटमेंट ऑफ अकाउंट्स, त्याखाली तो आहे. प्राइममध्ये आल्ट+जी दाबून नाव टाइप करा. कुठल्या प्रकारची किती व्हाउचर आणि किती मास्टर्स आहेत याची ती मोजणी असते. स्थलांतरानंतर ही संख्या जुळली पाहिजे. नुसता ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून समाधान मानू नका. रद्द केलेली बिलं आणि स्टॉक जर्नल यांतला घोळ त्यात दिसत नाही.

दुसरं काम बॅकअपचं, आणि तोही दोन तऱ्हांनी. टॅलीतून घेतलेला एक, आणि टॅली सगळीकडे बंद करून डेटाच्या फोल्डरची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर दुसरी. टॅलीचा बॅकअप रिस्टोर होताना बिघडला तर ही प्रत वाचवते.

नवं रिलीज वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा, जुन्यावर नको. डेटाचाही वेगळा फोल्डर करून त्यात प्रत टाका आणि स्थलांतर त्या प्रतीवर करा. डेटा ज्या मशीनवर आहे तिथेच बसून करा. नेटवर्कवरून केलं आणि मध्ये वायर हलली तर डेटा धड इकडचा ना तिकडचा. जुन्या डेटात आधीच काही बिघाड असेल, म्हणजे मधूनच ‘इंटर्नल एरर’ येऊन टॅली बंद पडत असेल, तर आधी जुन्या आवृत्तीत दुरुस्ती करून घ्या. ईआरपी 9 मध्ये कंट्रोल+आल्ट+आर, प्राइममध्ये आल्ट+वाय मधलं ‘रिपेअर’. आजारी डेटा नव्या साच्यात गेला म्हणून बरा होत नाही.

एकाच मशीनवर जुनी-नवी दोन्ही टॅली एकाच वेळी उघडल्या तर 9000 क्रमांकाच्या पोर्टवरून तक्रार येते. दोघींनाही तोच पोर्ट हवा असतो. एकीचा बदला, नाहीतर एक बंद ठेवा. यात डेटाला धोका नाही.

स्थलांतर झालं, आकडे जुळले, आणि मग जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न) उघडल्यावर धक्का बसतो. ‘अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स’मध्ये, म्हणजे शंकास्पद यादीत शेकडो बिलं. सॉफ्टवेअर बिघडलं असं वाटतं, पण नव्या आवृत्तीची तपासणी कडक आहे एवढंच. डाळमिलचं उदाहरण घ्या. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधीच भरलेल्या आणि लेबल लावलेल्या डाळीच्या पॅकवर 5 टक्के कर लागला, 30 किलोच्या कट्ट्यावर नाही. बऱ्याच ठिकाणी ‘तूरडाळ’ ही एकच वस्तू ठेवून बिल करताना कराचं खातं लावायचं किंवा काढायचं अशी पद्धत होती. मास्टरमध्ये दर 5, बिलात कर शून्य. 3.0 नंतर असं प्रत्येक बिल शंकास्पद यादीत येऊन बसतं. बिलं एकेक करून ‘आहे तसं स्वीकारा’ म्हणणं हा उपाय नाही. ‘तूरडाळ 25 किलो लेबल’ आणि ‘तूरडाळ 30 किलो’ अशा दोन वस्तू करा, दुसरीचा कर-प्रकार करमुक्त ठेवा, आणि चालू वर्षाची बिलं त्या वस्तूंवर फिरवा. मागच्या वर्षांची, रिटर्न भरून झालेली बिलं मात्र भरलेल्या रिटर्नशी ताडून आहे तशी स्वीकारा. त्यांची वस्तू आता बदललीत तर भरलेलं रिटर्न एक आणि पुस्तकं दुसरीच सांगतील.

याच यादीतला दुसरा मोठा गट पक्षकारांचा असतो. खात्यात राज्य नाही, नोंदणीचा प्रकार ‘अननोन’ आहे, किंवा जीएसटीआयएनमध्ये एक अक्षर चुकलं आहे. खातं दुरुस्त केलं की त्या खात्याची बिलं झटकन यादीतून गळतात. म्हणून सुरुवात खात्यांपासून करावी, बिलांपासून नाही.

आडत पट्टी आणि टीडीएल

मोंढ्यात नुसतं टॅली कुणी वापरत नाही. आडत, हमाली, तोलाई, सेस आणि बारदाना वजा करून शेतकऱ्याची पट्टी निघाली पाहिजे, म्हणून वरून टीडीएल, म्हणजे टॅलीत भर घालणारा खास लिहून घेतलेला प्रोग्राम बसवलेलं असतं. आवृत्ती बदलताना सगळ्यात आधी अडतं ते हेच. ईआरपी 9 साठी लिहिलेलं टीडीएल प्राइममध्ये चालेलच असं नाही. चाललं तरी पडद्यावरचे रकाने हलतात, पट्टीची छपाई कागदाबाहेर जाते. टीडीएलची तयार टीसीपी फाइल बहुधा तुमच्या सीरियल नंबरला बांधलेली असते, त्यामुळे दुसऱ्या परवान्याच्या मशीनवर कॉपी केली तरी चालू होत नाही.

काय बसवलेलं आहे ते प्राइममध्ये एफ1 मधल्या ‘टीडीएल अँड ॲड-ऑन’मध्ये दिसतं, ईआरपी 9 मध्ये कंट्रोल+आल्ट+टी. एका मशीनवर टीडीएल आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं असेल तर दुसऱ्या मशीनवर त्या पट्टीतली पोती आणि वजनाची जादा माहिती दिसत नाही. तिथून ती पट्टी दुरुस्त करू नका, फक्त पाहा. आणि नव्या रिलीजचं वेळापत्रक ठरवण्याआधी टीडीएल लिहून देणाऱ्याकडून ‘या रिलीजवर तपासलं आहे’ हे लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर घेतलं तरी चालेल. ‘चालून जाईल’ हे उत्तर धरू नका.

टॅलीवर ढकलला जाणारा दोष

अनेक मशीनवर काम करताना होणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच विंडोजच्या आणि विजेच्या असतात. सध्याची सर्वात कॉमन तक्रार अशी: नवा विंडोज 11 कॉम्प्युटर आणला आणि सर्व्हरवरचा डेटा दिसेना. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रो प्रकारात पासवर्ड नसलेलं शेअरिंग डीफॉल्टने चालत नाही. आपल्याकडे निम्म्या पेढ्यांत फोल्डर ‘एव्हरीवन’ला, बिनपासवर्डचं शेअर केलेलं असतं. इंटरनेटवर ही सुरक्षा बंद करण्याची युक्ती सापडते, ती करू नका. सर्व्हर मशीनवर ‘टॅली’ नावाचा एक युजर पासवर्डसह उघडा, डेटा फोल्डरला त्याच युजरचा पूर्ण हक्क द्या, आणि बाकीच्या मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ते नाव-पासवर्ड एकदा टाका. पाच मशीनचं काम तासाभरात होतं. सर्व्हरचा आयपीही स्थिर ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पाथ तुटतो.

वायफायवर मल्टियुजर टॅली चालवू नये. नोंद जतन होत असताना क्षणभर जोडणी तुटली की फाइल अर्धवट लिहिली जाते. कॅट 6 ची वायर आणि गिगाबिट स्विच घ्या, त्याचा खर्च एका टीएसएसपेक्षा कमी आहे. आणि इथे एक बारीक चूक जवळजवळ सगळीकडे दिसते: कॉम्प्युटरला यूपीएस आहे, पण कोपऱ्यातला स्विच थेट लाइटवर. वीज गेली की कॉम्प्युटर चालू राहतात आणि त्यांच्यातलं नेटवर्क जातं. नेमकं तेव्हा सेव्ह चालू असेल तर डेटा बिघडतो, आणि यूपीएस असूनही बिघडला म्हणून दोष टॅलीला. स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्या, घरगुती इन्व्हर्टरवर नको. त्याला बदलायला लागणारा क्षण कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला पुरेसा असतो.

चालू डेटा गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून ‘दोन्हीकडे आपोआप येईल’ ही कल्पनाही सोडा. टॅलीच्या अनेक फाइली एकमेकींशी बांधलेल्या असतात, ड्राइव्ह त्या एकेक करून मागेपुढे चढवतो. बॅकअपची बंद फाइल तिथे ठेवा, चालू डेटा नाही.

बोटांची सवय

ईआरपी 9 वर दहा वर्षं बसलेल्या माणसाला प्राइमवर पहिले पंधरा दिवस राग येतो. मुख्य व्हाउचरच्या कळा त्याच आहेत, एफ4 ते एफ9. पण क्रेडिट नोट कंट्रोल+एफ8 वरून आल्ट+एफ6 वर गेली, डेबिट नोट कंट्रोल+एफ9 वरून आल्ट+एफ5 वर, कंपनीचा मेन्यू आल्ट+एफ3 वरून आल्ट+के वर. एकच माणूस सकाळी एका आवृत्तीवर आणि दुपारी दुसऱ्यावर बसत असेल तर चुका वाढतात. त्याबदल्यात आल्ट+जी ही प्राइमची सोय अशी आहे की एकदा सवय झाली की परत मेन्यू उतरत जावंसं वाटत नाही.

ईआरपी 9 अजून कुठे चालतं

6.6.3 नंतर ईआरपी 9 पुढे सरकलं नाही. मे 2025 पासून जीएसटीआर-1 च्या तक्ता 12 मध्ये एचएसएनचा (मालाच्या वर्गीकरणाच्या कोडचा) तपशील नोंदणीकृत आणि अनोंदणीकृत ग्राहकांसाठी वेगळा द्यावा लागतो, ती विभागणी त्यात नाही. मग ती एक्सेलमध्ये हाताने करत बसावं लागतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर प्रश्नच नाही. 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. ईआरपी 9 मधलं ‘टॅली ऑडिट’ बंद करता येतं, म्हणून ते इथे चालत नाही. अशा कंपनीने एडिट लॉग असलेली आवृत्ती सगळ्या मशीनवर ठेवावी.

रोख पुस्तक लिहायला, जुनी वर्षं पाहायला, 2 जीबी रॅमच्या मशीनवर झटपट चालायला ईआरपी 9 आजही उत्तम आहे. टीएसएस संपलेला परवाना वाया जात नाही, ज्या रिलीजवर आहे तिथे तो चालत राहतो. फक्त त्या मशीनवर हौसेने नवं रिलीज टाकू नका. टीएसएस नसताना तसं केलं की ते एज्युकेशनल मोडमध्ये जातं आणि महिन्याच्या 1, 2 आणि 31 तारखेलाच नोंदी घेतं. ‘तारीखच घेत नाही’ असा फोन आला की हेच कारण असतं.

जुनी वर्षं पाहण्यासाठी एक मशीन राखून ठेवण्याला दुसरंही कारण आहे. जीएसटी कायद्यात पुस्तकं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात, कंपनी कायद्यात 8 वर्षं. त्या वर्षांच्या डेटाची न बदललेली प्रत, ज्या आवृत्तीत पुस्तकं बंद झाली त्याच आवृत्तीच्या इन्स्टॉलरसकट, एका बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि डिस्कवर आवृत्ती लिहा. भावाभावांच्या वाटणीत किंवा कोर्टाच्या कामात टॅली 7.2 चा डेटा लागला, तर तो थेट प्राइममध्ये टाकायला जाऊ नका. ईआरपी 9 च्या फोल्डरमध्ये 7.2 च्या स्थलांतराचं वेगळं साधन येतं. त्यात वरच्या रकान्यात जुन्या डेटाचा पाथ, खालच्यात रिकाम्या नव्या फोल्डरचा पाथ द्यायचा. दोन्ही एकच दिलेत तर मूळ डेटा धोक्यात येतो.